कमानीखालचा माठ

बीड, २ फेब्रुवारी

रागावलेल्या आप्पांना, त्यांच्याइतक्याच तापट सायलीचा नमस्कार.

फोन केला की तुम्ही "अंगदा, धर रे" म्हणून तो माझ्या भावाच्या हातात देता आणि मेंढरांमागे चालू लागता. माझं लग्न झाल्यापासून हेच चाललंय. म्हणून आता पत्र. विमलबाईंच्या पेंडीच्या दुकानावर पाठवतेय. माजलगावच्या बाजाराला आलात की अंगद घेईल आणि तळावर वाचून दाखवील. तुम्ही काठीवर हनुवटी टेकून भलतीकडेच बघत बसाल. बघा खुशाल. कान काही फिरवता येत नाहीत. अंगद, एकही ओळ गाळलीस तर याद राख.

सांगायची गोष्ट अशी. बीडच्या जुन्या बागेतला दगडी पूल आठवतो का? नाल्यावरचा, एका कमानीचा, चिंचांच्या पलीकडचा. आष्टीकडून माजलगावला उतरताना आपण त्या नाल्यात मेंढरांना पाणी पाजायचो. तेव्हा बागेला कुंपण नव्हतं. तो पूल दुरुस्त करायचं काम आमच्या कंत्राटदाराला मिळालंय आणि जागेवरची सगळी जबाबदारी माझ्याकडे आहे. पुलाचा एक खांदा खचलाय, कमानीच्या पोटातले दगड निसटलेत आणि मागे कुणा शहाण्यानं फटींमध्ये सिमेंट कोंबून ठेवलंय. ते छिन्नीनं काढताना माझ्या तोंडून जे शब्द निघतात, ते मी कुणाकडून शिकले हे इथे कुणाला माहीत नाही म्हणून बरं.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही मला त्या कमानीखाली बसवायचात आणि घोंगडीचं टोक अंगावर टाकून जायचात. नाल्यात धुकं उतरलेलं असायचं. मेंढरं त्यातून निघायची ती आधी तोंड, मग पाठ, मग शेपूट, जशी काही तिथल्या तिथे कुणी घडवून सोडतंय. मी वर बघून विचारलं होतं, "आप्पा, ह्ये दगुड खाली कावून पडत न्हाईत?" तुम्ही म्हणालात, "दोनी कडंचे दगुड एकमेकाच्या अंगावर पडाया बगत्यात. म्हनून कुनीच पडत न्हाई." इंजिनियर व्हायचं खूळ माझ्या डोक्यात तिथेच शिरलं असणार. तेव्हा पुढे जे काही झालं, कॉलेज, बीड, सुरज, त्याची सुरुवात तुम्हीच केलीत.

उत्तराची वाट मी पाहत नाही. नुसतं कळवलं.

सायली


बीड, २३ फेब्रुवारी

आप्पा,

उत्तर आलं नाही. आलंच पाहिजे असं काही नव्हतं. पोस्टमनला मी दोनदा हटकलं ते दुसऱ्याच एका कामासाठी.

इथे आता चुन्याची घाणी बसवलीय. गोल चर, त्यात दगडी चाक आणि ते ओढणारा एक पांढरा बैल. चुना, वाळू आणि विटेची भुकटी त्यात तासन् तास भरडली जाते. चाकाचा आवाज इतका एकसुरी असतो की दुपारी डोळे उघडे असूनही मी झोपेत असल्यासारखी असते. झाडं, बैल, पूल सगळं एकाच दुधात कालवल्यासारखं दिसतं. परवा मला वाटलं, नाल्यातून पाणी नाही, आपली मेंढरं वाहत चाललीयत, आवाज न करता. मिस्त्रींनी हाक मारली तेव्हा भानावर आले.

मिस्त्रींचं नाव हनुमान. बोलायला बसले की उठत नाहीत. चुन्यात गुळाचं पाणी घालतात, त्यानं तो घट्ट धरतो, हे मलाही ठाऊक आहे. पण ह्यांचा हात फारच सढळ. मी म्हटलं, मिस्त्री, लाडू वळायचेत का आपल्याला? तर म्हणाले, "मॅडम, चुना म्हंजे लहान लेकरू. ग्वाड चाटवल्याबिगर ऐकत न्हाई." माजलगावकडचा गूळ आहे, वास असा की जेवणाच्या सुट्टीत गडी भाकरीबरोबर खडे पळवतात. काल मुंग्यांची रांग थेट घाणीपर्यंत आली होती. मी गूळ कमी करायला सांगितलंय. मिस्त्री हो म्हणाले, पण ते सगळ्यालाच हो म्हणतात.

बागेतल्या बोअरचं पाणी मचूळ आहे, तोंडात धरवत नाही. म्हणून कमानीखालच्या सावलीत एक माठ ठेवलाय. सुरज रोज सकाळी घरून कॅनमध्ये पाणी आणतो, माठ भरतो आणि मग आपल्या बियाण्याच्या दुकानावर जातो. वर तांब्या उपडा घालून ठेवायचं कामही त्याचंच. गडीमाणसं, बागेत फिरायला येणारी म्हातारी मंडळी, सगळे पितात.

पाण्याचं निघालंच आहे तर बोलते. लग्नाच्या दिवशी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "सुखी ऱ्हा. पन त्या घरचं पानी माझ्या नरड्याखाली उतरायचं न्हाई." लोक विचारतात तेव्हा तुम्ही रीत सांगता, नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय बाप लेकीच्या घरी पाणी पीत नाही म्हणून. पण खरं कारण मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. तलवाड्याला सुरजच्या आजोबांच्या रानात आपण दर वर्षी खतासाठी मेंढरं बसवायचो. सकाळी त्यांच्या अंगणात ज्वारी आणायला गेलात आणि पाणी मागितलंत की ते तांब्या हातात द्यायचे नाहीत. म्हणायचे, "कर वंजळ." आणि वरून ओतायचे. तुम्ही वाकून प्यायचात. पाणी कोपरावरून ओघळून माझ्या पायावर पडायचं. तुम्हाला वाटायचं, हिला काय कळतंय.

आजोबा गेले. सुरजला मी हे लग्नाआधी सांगितलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला. तुम्ही त्याला एकदा तरी नीट बघायला हवं होतं. असो. पुलाचं लिहायला बसले होते.

सायली


बीड, १६ मार्च

आप्पा,

कमान जुळली!

जुळली म्हणजे अजून ती स्वतःच्या पायावर उभी नाही. खाली लाकडाचा सांगाडा आहे, कमानीच्याच आकाराचा. मिस्त्री त्याला कालबूत म्हणतात. दोन्हीकडून एकेक दगड त्याच्यावर मांडत वर यायचं आणि शेवटी माथ्यावरचा दगड बसवायचा. त्याला चावी म्हणतात. ही चावी मेली हरवली होती. नाला धुंडाळला, झुडपं धुंडाळली. शेवटी बागेचा रखवालदार पप्पू, म्हणजे मिशीवाला दांडगा गडी, त्याच्या खोलीला पायरी म्हणून तीच लावलेली सापडली. तो म्हणतो, "मला काय म्हाईत मॅडम, पाय टेकाया बरी व्हती." त्याच्या पायांनी दगड इतका गुळगुळीत झालाय की बसवला तेव्हा उन्हात चमकत होता.

सगळ्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानं भरून झाल्या की ओलं गोणपाट घालून थांबायचं. चुन्याला घाई चालत नाही. त्याबाबतीत तो तुमच्यासारखाच आहे. मग एक दिवस कालबुताखालच्या पाचरी हळूहळू ढिल्या करायच्या आणि लाकूड खाली घ्यायचं. तेव्हा कळतं, कमान धरतेय की नाही.

आता दुसरी गोष्ट. ही मी कामाची म्हणून लिहितेय, त्यात भलतं काही शोधू नका. पुलाच्या कामात बागेतल्या हिरवळीची पार माती झालीय. बागेच्या समितीचे अध्यक्ष विजयसिंह यांचं म्हणणं, ट्रक भरून खत आणू. मी म्हटलं, मेंढरं बसवा, लेंडीखताला तोड नाही. आधी हसले. मग त्यांच्या घरचे म्हातारे म्हणाले, पोरगी बरोबर बोलतेय. तेव्हा ठरलं. पावसाळ्याआधी एखादा कळप एक रात्र बसवायचा आणि रीतीप्रमाणे ज्वारी द्यायची.

कळप कुणाचाही चालेल. पण उन्हाळ्यात तुम्ही माजलगावहून वर निघता, वाट इथूनच जाते. बाग सरकारी आहे, आप्पा. ती ना तलवाड्याच्या घराची, ना माझी. तिथे तुम्ही कुणाचे व्याही नाही आणि कुणाच्या अंगणात उभे नाही. बोलावते आहे ती बाग, मी नाही.

अंगद, हे दोनदा वाच.

सायली


बीड, ५ एप्रिल

आप्पा,

अंगदचा फोन आला. म्हणाला, "आक्का, मी वाचलं. दोनदा वाचलं. आप्पा म्हनले, कळप तिकडून न्यायाचा न्हाई, आवंदा वाट दुसरी हाय." मी विचारलं, आणखी काय म्हणाले? तर म्हणे, काही नाही, कोकराच्या पायातला काटा काढत बसले.

दुसरी वाट कुठली, आप्पा? मी त्या वाटेनं वाढलेय. दुसरी वाट नाही. मी कागद फाडून टाकला होता, मग हा नवा घेतला. बरं, नका येऊ. विजयसिंहांना मी सांगितलं की कळप मिळत नाही, ट्रक मागवा. ज्वारीचं पोतं काढून ठेवलं होतं ते पप्पूच्या खोलीत तसंच पडून आहे.

राग येतो आणि मग झोपेत सगळं उलटंच होतं. स्वप्नात मी पुलाच्या एका टोकाला उभी असते आणि दुसऱ्या टोकाला धुकं असतं. धुक्यात घंटा वाजतात, आपल्या मोठ्या बोकडाच्या गळ्यातली ती फुटक्या आवाजाची घंटासुद्धा. मी थांबते. घंटा जवळ येत राहतात आणि तरी कुणी येत नाही. सुरज म्हणतो मी झोपेत "हुर्र हुर्र" करते. त्याला वाटलं कोंबड्या हाकतेय. धनगराच्या लेकीशी लग्न केलं आणि मेंढरं हाकायची हाळी ओळखू येत नाही ह्याला!

खरं सांगू का? मला भीती वाटते. कालबूत आम्ही १९ तारखेला, शनिवारी काढणार. मी आजवर काँक्रीटची कामं केलीत. चुन्याची कमान कधी मोकळी सोडलेली नाही. मिस्त्री छातीवर हात मारून सांगतात, धरनार म्हंजे धरनार. पण गुळाच्या बाबतीतही त्यांनी असाच हात मारला होता. कमान कोसळली तर माझी नोकरी जाईलच, पण ते नाही. तो पूल माझ्या हातून पडू नये. माझ्याकडे आपल्या दोघांचं म्हणावं असं दुसरं काही उरलेलं नाही.

मी बोलावत नाहीये. नुसती तारीख सांगितली.

सायली


बीड, २१ एप्रिल, सोमवार

आप्पा,

आधी मेंढरांची तोंडं तपासा! आत्ताच्या आत्ता. कठड्याच्या दरजांमधला चुना जेमतेम आठवड्याचा होता. जिभा पोळल्या असतील तर तूप लावा. अंगद, तू स्वतः बघ, ह्यांच्या "काई न्हाई होत"वर विश्वास ठेवू नकोस.

आता क्रमानं लिहिते.

शनिवारी कालबूत उतरवलं. पाचरी एकदम काढायच्या नसतात. इकडची थोडी, तिकडची थोडी, मध्ये थांबायचं, ऐकायचं. मी कमानीला गाल लावून उभी होते. लाकूड सुटलं तेव्हा दगडांतून एक बारीकसा आवाज आला, झोपलेलं माणूस कूस बदलतं तेवढा. मग काही नाही. कमान उभी होती. गडी ओरडले, मिस्त्रींनी मला गूळ भरवला आणि चक्क रडले. मी सगळीकडे बघून घेतलं. फाटकाकडेही बघितलं. नंतर मलाच माझा राग आला.

रविवारी कामाला सुट्टी. मी आणि सुरज सकाळी माठ भरून तलवाड्याला गेलो ते मुक्कामालाच. आज सकाळी बागेत शिरले आणि किंचाळलेच. पुलावर लेंड्याच लेंड्या! गोणपाट ओढून खाली पाडलेलं. आणि कठड्याच्या दोन्ही अंगांच्या दरजा चाटून साफ, मेंढराचं तोंड पोहोचतं तिथपर्यंत. त्याच्या वर चुना जसाच्या तसा. मिस्त्री डोकं धरून बसले होते. मी म्हटलं, मिस्त्री, गूळ कमी केला होता ना? तर जमिनीकडे बघत म्हणाले, "मॅडम, कमानीत कमीच घातला. कठड्याला म्हनलं, जरा ग्वाड असू द्यावं."

तेवढ्यात विजयसिंह आले. पुढच्या आठवड्यात फीत कापायला मोठे पाहुणे यायचेत आणि पुलावरून पहिली कोण गेली तर मेंढरं! इतके तापले की मिशा थरथरत होत्या. त्यांच्यासमोर मी मान खाली घालून उभी राहिले, कारण मला हसू येत होतं. त्यांना वाटलं मी रडतेय. मग दोन्ही खरं झालं.

कारण हिरवळीकडे माझं लक्ष गेलं होतं. मातीवर लेंड्यांचा जाड थर पसरलेला आणि कडेनं मेंढरं कोंडायच्या जाळीच्या खुंट्यांची भोकं. कुणाचीही जाळी असती, पण भोकांच्या रांगेत दाराची जागा उगवतीला सोडलेली होती. आपल्या भागात मेंढरांच्या जाळीचं दार उगवतीला तुमच्याशिवाय कुणी सोडत नाही. बाकीचे वारा बघून सोडतात. तुम्ही म्हणता, जनावरानं उठल्याउठल्या उजेड बघावा.

पप्पूला विचारलं तर तो मिशी चोळत बसला. म्हणाला, "म्हातारबाबानं शप्पत घातलीय, मॅडमला सांगू नको म्हनून." मी म्हटलं, पप्पू, तुझ्या दाराची पायरी मी नवीन करून देणार होते. मग सगळं बोलला. काल मी गेल्यावर, ऊन उतरता उतरता तुम्ही मागच्या फाटकानं आलात. बरोबर कळप आणि अंगद. (अंगद, तुझा फोन बंद का होता ते कळलं. भेट तू.) तुम्ही त्याला म्हणालात, "खतासाठी कळप मागिवला व्हता ना? आलाय." ज्वारीचं पोतं दाखवलं तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे. पिलू लंगडतंय, म्हनून वाट वाकडी केली, बाकी काई न्हाई." कोकराच्या पायातला तो काटा अजून निघालाच नाही वाटतं.

मग तुम्ही कमानीखाली गेलात. पप्पू म्हणतो, लई वेळ वर बघत उभे होते. दगडांवरून हात फिरवला. चावीपर्यंत हात पोचेना तर काठीनं हळूच टोचून बघितली. आणि अंगदला म्हणालात, "पडाया बगत्यात दोगं बी. पन धरलंय."

आप्पा, हे ऐकून मी कमानीखाली जाऊन बसले. मला वाटलं, एवढ्यावर मी भरून पावले. आता पुढचं काही विचारायला नको. पण माझ्यासमोर माठ होता. तो मी रविवारी काठोकाठ भरून गेले होते आणि आता अर्धा झाला होता. मी पप्पूला विचारलं, पाणी कुणी प्यायलं?

त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

"म्हातारबाबा माठापाशी आले. म्हनले, बोअरचं का? मी म्हनलं, न्हाई, बोअरचं कोन पितंय? ह्ये मॅडमच्या घरचं हाय. त्यांचे मालक सवता आनून भरत्यात रोज. तर बाबा हुबेच ऱ्हायले. हातात रिकामा तांब्या, पिना न्हाईत. मला वाटलं, म्हातारं मानूस, हात थरथरत असतील. म्हनून म्हनलं, काका, वंजळ करा, मी वरून ओततो. तर असे खवळले मॅडम! म्हनले, वंजळ कावून? माझ्या लेकीच्या घरचं पानी हाय. तांब्यानं पिनार. आन् सवता बुडवून घेतला तांब्या आन् पेले. डोळे मिटून पेले. मंग आनखी एक भरून घेतला."

मी सुरजला फोन करून हे सांगितलं. तो दुकानात होता, गिऱ्हाईक समोर होतं. गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "उद्या माठ आतून नीट घासून भरतो."

कठड्याच्या दरजा मिस्त्री परत भरतायत, या वेळी गूळ मी मोजून देतेय. एक मात्र मी भरू दिलेली नाही. पूल उतरताना डाव्या हाताची, खालून दुसरी. चाटून चाटून तिची छान वाटी झालीय. विजयसिंहांना ती दिसणार नाही, फीत कापणाऱ्यांना तर नाहीच.

आत्तापर्यंतच्या पत्रांत मी वाट पाहत नाही, बोलावत नाही असं लिहीत आले. खोटं होतं ते. आता सरळ बोलावते. बागेच्या मागच्या फाटकातून निघालात की तिसरी गल्ली, निळं दार. मेंढरं दारात बसली तरी चालतील, गल्लीवाल्यांशी मी भांडेन. घरी माठ आहे, तांब्या आहे. तो तुमच्या हातात देईन.

या, आप्पा.

तुमची सायली